नाव हरवलेली गाणी

ध्वनिमुद्रण हाताशी आहे, पण ते गाणे कोणी रचले, कोणी गायले आणि केव्हा, हे कोणालाच सांगता येत नाही, अशा गाण्यांना इंटरनेटवर ‘लॉस्टवेव्ह’ म्हणतात. अशी गाणी हजारो लोकांच्या फोनमध्ये वाजत असतात. रसिक ती पाठ करतात, त्यांच्या चाली गिटारवर बसवतात. पत्ता नसतो तो फक्त कर्त्याचा. जी गत गाण्यांची, तीच चित्रांची आणि छायाचित्रांची. जालावर वस्तूची नक्कल क्षणात होते, पण त्या वस्तूवर कोणाचे नाव होते ते दर नकलेगणिक गळत जाते.

ही नावे शोधून काढणे हा गेल्या काही वर्षांत हौशी लोकांचा मोठा सामूहिक उद्योग झाला आहे. २०२४ हे त्याचे भरभराटीचे वर्ष ठरले. एप्रिलमध्ये एका सतरा सेकंदांच्या गाण्याचा, मे महिन्यात एका रिकाम्या खोलीच्या छायाचित्राचा, सप्टेंबरमध्ये पडद्याच्या कापडावरच्या एका चेहऱ्याचा आणि नोव्हेंबरमध्ये ‘इंटरनेटवरचे सर्वांत गूढ गाणे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन गाण्याचा उलगडा झाला. चारही कोडी वर्षानुवर्षे अडलेली होती.

पहिला मोठा शोध

या प्रकाराची सुरुवात बरीच आधीची आहे. अमेरिकेतील डेट्रॉइटचा गायक सिक्स्टो रॉड्रिगेझ याचा ‘कोल्ड फॅक्ट’ हा अल्बम १९७० मध्ये निघाला आणि अमेरिकेत तो जवळजवळ कोणी विकत घेतला नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो घराघरात पोहोचला. रॉड्रिगेझ रंगमंचावरच मरण पावला, अशी तिथे दंतकथा होती. १९९७ मध्ये तिथल्या चाहत्यांनी त्याच्या शोधासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. ते रॉड्रिगेझच्या मुलीच्या पाहण्यात आले आणि तिने वडील जिवंत असल्याचे कळवले. रॉड्रिगेझ डेट्रॉइटमध्ये घरे पाडण्याची, दुरुस्तीची मजुरी करत होता आणि आपण दुसऱ्या खंडात प्रसिद्ध आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याचे कार्यक्रम भरगच्च गर्दीत झाले. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या २०१२ च्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळाले.

रॉड्रिगेझचे नाव निदान माहीत होते, माणूस सापडायचा होता. पुढच्या काळातली कोडी याहून अवघड निघाली, कारण त्यांत नावच नव्हते.

यंत्राला का ओळखू येत नाही?

फोन गाण्यासमोर धरला की गाण्याचे नाव सांगणारी ‘शझॅम’सारखी सेवा हाताशी असताना असे कोडे उरतेच कसे, हा प्रश्न साहजिक आहे. ही सेवा ऐकलेल्या आवाजाचा वर्णपट काढते, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्येचा स्वर किती जोरात आहे याचा नकाशा करते. त्यातले सर्वांत ठळक बिंदू आणि त्यांच्यातली अंतरे मिळून गाण्याचा ‘अंगठा’ तयार होतो. मग हा अंगठा साठ्यातल्या गाण्यांच्या अंगठ्यांशी जुळवून पाहिला जातो. जुळणी अचूक असते, पण साठ्यात जे आहे तेच सापडते. जे गाणे कधी बाजारात आलेच नाही, त्याचा अंगठा कुठेही नोंदलेला नसतो.

आणि बाजारात न आलेली गाणी थोडीथोडकी नाहीत. स्वतंत्र, म्हणजे ‘इंडी’ संगीत मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना केले जाते. पोरे गॅरेजमध्ये सराव करतात, पदरचे पैसे घालून स्टुडिओ घेतात, पंचवीस-पन्नास कॅसेट किंवा सीडी काढतात, एखादी रेडिओ केंद्राकडे पाठवतात. बँड मोडतो, जो तो नोकरीधंद्याला लागतो. कॅसेटचा एखादा तुकडा मात्र कोणाच्या तरी कपाटात टिकून राहतो.

हॅम्बुर्गच्या रेडिओवरचे गाणे

‘सर्वांत गूढ’ गाण्याची कथा नेमकी अशीच आहे. १९८४ च्या सुमारास उत्तर जर्मनीतला एक मुलगा हॅम्बुर्गच्या एनडीआर या सार्वजनिक रेडिओवरची गाणी कॅसेटवर उतरवून घेत असे. रेडिओवरून गाणी टेप करणारे जी खबरदारी घेत, ती तोही घेई. निवेदक बोलू लागला की तो भाग गाळायचा, म्हणजे कॅसेटवर निखळ गाणे राहते. गाणे, गायक आणि बँड यांची नावे त्या निवेदनातच असत. स्वच्छ ध्वनिमुद्रणाच्या हौसेपायी नाव बाहेर राहिले.

बरीच वर्षे गेली. भावाने न ओळखता आलेल्या गाण्यांची जी यादी जपली होती, तीतले हे गाणे २००७ मध्ये त्याच्या बहिणीने जालावर टाकले आणि कोणी ओळखते का, असे विचारले. फारसे कोणी फिरकले नाही. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या एका किशोरवयीन मुलाने ते उचलून धरले. तिथून रेडिट या संकेतस्थळावर हजारो लोक त्याच्या मागे लागले.

शोध घेणाऱ्यांनी गाण्यापेक्षा कॅसेटचाच अभ्यास अधिक केला. मुलाच्या घरातला टेप डेक कोणत्या साली बाजारात आला, हे पाहून सालाची खालची मर्यादा ठरली. त्याच कॅसेटवर मागेपुढे असलेल्या ओळखीच्या गाण्यांच्या तारखांवरून ती आणखी आवळता आली. ध्वनीच्या वर्णपटात १० किलोहर्ट्झवर एक बारीक, सरळ रेषा होती. एनडीआरच्या त्या काळच्या प्रसारणांतही तशीच रेषा आढळते, म्हणून गाणे याच केंद्रावरून वाजले याला बळकटी मिळाली. सिंथेसायझरचा आवाज यामाहाच्या डीएक्स-७ सारखा होता आणि ते वाद्य १९८३ मध्ये बाजारात आले होते. इतके सगळे कळूनही नाव मिळत नव्हते. शब्दही धड कळत नव्हते. प्रत्येकाला वेगळे ऐकू येई आणि त्यावरून गाण्याची अर्धा डझन तात्पुरती नावे पडली होती.

उत्तर आले ते कागदातून. एनडीआर त्या काळी होतकरू बँडसाठी ‘हॉरफेस्ट’ नावाची स्पर्धा घेत असे. रेडिटवरचा एक शोधकर्ता त्यात भाग घेतलेल्या बँडांची नावे जुन्या वर्तमानपत्रांतून वेचत होता. एका बातमीत कील शहरातल्या ‘फेक्स’ या बँडचा उल्लेख निघाला. त्याने बँडमधल्या मिखाएल हेड्रिख यांच्याशी संपर्क साधला आणि कोडे सुटले. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर झाले की गाणे फेक्सचे आहे आणि त्याचे नाव ‘सबवेज ऑफ युअर माइंड’ आहे. बँडचे सदस्य हयात होते, त्यांच्याकडे गाण्याची स्वतःची प्रत होती. आपल्या तरुणपणच्या एका गाण्यासाठी जग सतरा वर्षे वणवण करते आहे, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हते.

सडलेली सीडी

दुसरी कथा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. २०१६ च्या जुलैमध्ये ‘फोरचॅन’ या संकेतस्थळावर कोणीतरी एका सीडीच्या कव्हरचे छायाचित्र टाकले. सीडी एका धर्मादाय दुकानात जुन्या सामानात सापडली होती. कव्हरवर जपानी मांगा शैलीतली मुलगी होती, बँडचे नाव ‘पांचिको’, साल २०००. सदस्यांची फक्त पहिली नावे छापलेली होती, आडनावे नव्हती. चित्रही बँडचे स्वतःचे नव्हते. वातारू योशिझुमी या जपानी चित्रकर्तीच्या ‘मिंट ना बोकुरा’ या मांगातून ते घेतलेले होते, हे चाहत्यांनी ओळखले. पण चित्राची मालकीण कळल्याने गायकाचा पत्ता लागला नाही.

सीडी वाजवली तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. सुरुवात ठीक होती, पुढे पुढे आवाज फाटत, करकरत गेला. याला ‘डिस्क रॉट’, म्हणजे सीडी सडणे, म्हणतात. सीडीत लेसरचा किरण एका चकचकीत थरावरून परावर्तित होऊन येतो आणि त्यावरून यंत्र माहिती वाचते. घरी ‘बर्न’ केलेल्या सीडीत त्या थरासोबत एक रंगद्रव्याचाही थर असतो. हवा, दमट वातावरण किंवा वाईट दर्जाचे लाखरोगण यांनी हे थर खराब झाले की यंत्राला बिंदू दिसेनासे होतात. चुकलेल्या जागा ते अंदाजाने भरते आणि तिथून ती करकर येते. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ही करकर म्हणजे संगीतकाराचीच कल्पना वाटली आणि ती त्यांना आवडलीही.

पुढे दुकानाच्या चिठ्ठीवरून ते नॉटिंगहॅमच्या शेरवुड भागातले असल्याचे कळले आणि शोध त्या परिसरात आवळत गेला. कव्हरवरच्या पहिल्या नावांपैकी एक ‘ओवेन’ होते. त्या नावाच्या आसपासच्या माणसांना फेसबुकवर संदेश पाठवणे सुरू झाले. जानेवारी २०२० मध्ये अशाच एका संदेशाला होकार आला. तो ओवेन डेव्हिस होता. शाळकरी वयात मित्रांसोबत सुमारे तीस सीडी काढल्यावर बँड केव्हाच मोडला होता आणि इतक्या वर्षांनी कोणी ऐकत असेल याची त्याला कल्पना नव्हती.

त्यानंतर मूळ ध्वनिमुद्रणे साफ करून बँडकॅम्प या संकेतस्थळावर आली. त्याच प्रकाशनात सडलेल्या सीडीचा आवाजही जसाच्या तसा ठेवला, कारण हजारो लोकांना गाणे त्याच रूपात माहीत झाले होते. बँड पुन्हा उभा राहिला, दौरे झाले आणि २०२३ मध्ये ‘फेल्ड ॲट मॅथ(स)’ हा नवा अल्बम आला. सडलेल्या चकतीतून पुन्हा उभे राहिलेले असे बँड क्वचितच असतील.

सतरा सेकंद आणि एक रिकामी खोली

एप्रिल २०२४ मध्ये उलगडलेले गाणे सर्वांत तोकडे होते. २०२१ मध्ये गाणी ओळखण्याच्या एका संकेतस्थळावर कोणीतरी सतरा सेकंदांचा, कॅसेटच्या घरघरीचा तुकडा टाकला. बाज ऐंशीच्या दशकातल्या पॉपचा. लोकांनी जाहिराती धुंडाळल्या, दूरदर्शन वाहिन्यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली. शेवटी गाणे ज्या जागी निघाले तिथे कोणी नजर टाकली नव्हती. ते १९८६ मध्ये आलेल्या, केवळ प्रौढांसाठी असलेल्या एका अमेरिकी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात होते. क्रिस्तोफर सेंट बूथ आणि फिलिप एड्रियन बूथ या भावांनी ते रचले होते आणि त्याचे नाव ‘अल्टीरियर मोटिव्ह्ज’. चित्रपटापुरते केलेले हे गाणे तबकडीवर कधी निघालेच नाही, म्हणून ते कोणत्याही सूचीत नव्हते.

छायाचित्रांत ‘बॅकरूम्स’ नावाने गाजलेल्या खोलीचे उदाहरण मोठे आहे. पिवळट भिंती, ट्यूबलाइट, रिकामा गालिचा. २०१९ च्या सुमारास या चित्रावरून भयकथांची एक अख्खी परंपरा जालावर उभी राहिली, मग लघुचित्रफिती आणि खेळही आले. पण खोली कुठली, हे कोणाला माहीत नव्हते. मे २०२४ मध्ये उत्तर सापडले ते जुन्या संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या ‘वेबॅक मशीन’मुळे. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था २००१ पासून ही सोय चालवते. २००३ मधल्या एका जुन्या पानाच्या प्रतीत तेच छायाचित्र होते. ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावातले. फर्निचरच्या जुन्या दुकानाचे खेळण्यांच्या दुकानात रूपांतर चालू होते, तेव्हा घेतलेले. ज्या खोलीवरून कोट्यवधी लोकांनी भयाची कल्पना केली, तिथे प्रत्यक्षात दुरुस्तीचे काम चालू होते, एवढेच.

पडद्यावरचा सहावा चेहरा

चित्रकलेतले कोडे आणखी वेगळे होते. २०२० मध्ये फिनलंडमधल्या एका व्यक्तीने रेडिटवर घरातल्या पडद्याचे छायाचित्र टाकले. कापडावर रंगरेषांत उतरवलेले प्रसिद्ध लोकांचे चेहरे होते. त्यांतले एड्रियाना लिमा, जेसिका अल्बा, जॉश हॉलोवे असे चेहरे लोकांनी भराभर ओळखले, कारण ते प्रसिद्ध छायाचित्रांवरून काढलेले होते. सहाव्या चेहऱ्यापाशी गाडी अडली. त्याला नावच पडले, ‘सेलिब्रिटी नंबर सिक्स’.

चित्रकाराने छायाचित्राचे छटांत रूपांतर करताना डोळे, ओठ, केसांच्या काही रेषा ठेवल्या आणि बाकी सगळे सोडले. म्हणून मूळ छायाचित्राशिवाय ओळख पटवणे कठीण होते. चार वर्षे शेकडो नटनट्यांची आणि मॉडेलांची नावे सुचवून झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये एका शोधकर्त्याने चेहरा ओळखणाऱ्या शोधयंत्राच्या मदतीने एक छायाचित्र समोर आणले. ते लेटिसिया सार्दा या स्पॅनिश मॉडेलचे होते. गंमत अशी की, हे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवले असणार, अशी शंका आधी लोकांनी घेतली. चार वर्षांत इतके खोटे दावे आले होते की खरे उत्तरही खोटे वाटू लागले होते. छायाचित्रकार लेआन्द्रे एस्कोर्सेल यांनी त्या चित्रीकरणाची इतर छायाचित्रे दाखवली आणि सार्दा यांनीही ते आपणच असल्याचे सांगितले, तेव्हा शंका फिटली. २००६ मध्ये स्पेनमधल्या एका महिला मासिकासाठी घेतलेले ते छायाचित्र होते.

फेक्सच्या गाण्यात वर्तमानपत्राचे कात्रण, पडद्याच्या प्रकरणात छायाचित्रकाराने जपलेले मूळ काम. जालावरचे कोडे सोडवायला या दोन्ही वेळी कोणाच्या तरी घरातले, दप्तरातले काहीतरी लागले.

छायाचित्रकाराचे नाव

जुळणी झाल्यावर श्रेय द्यायचे की नाही, हा प्रश्न स्वतंत्र आहे. जपानी गायिका मारिया ताकेउची यांचे ‘प्लास्टिक लव्ह’ हे १९८४ चे गाणे २०१७ मध्ये यूट्यूबवर कोणीतरी अनधिकृतपणे टाकले. यूट्यूबने ते आपणहून लोकांच्या पुढे ढकलत नेले आणि ते जगभर पोहोचले. त्यासोबत दिसणारे ताकेउची यांचे हसरे छायाचित्र या गाण्याचे नव्हतेच. ते १९८० मधल्या दुसऱ्या एका गाण्याच्या कव्हरसाठी अमेरिकी छायाचित्रकार ॲलन लेव्हेन्सन यांनी काढले होते. त्यांनी हक्काची तक्रार केली, तेव्हा ती चित्रफीत उतरली. पुढे त्यांच्या नावाच्या उल्लेखासह परत आली. ज्या छायाचित्रामुळे लाखो लोकांनी गाण्यावर बोट टेकवले, त्याच्या कर्त्याचे नाव जगाला कळायला एवढा खटाटोप लागला.

मुंबईचा एक धागा

याच शोधपरंपरेत मुंबईचेही एक प्रकरण आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. ‘दम मारो दम’ या गाण्यातल्या ट्रान्झिकॉर्डशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९८२ मध्ये त्यांनी मुंबईत रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडून ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. टीआर-८०८ हे ताल देणारे, टीबी-३०३ हे खर्जाचे आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. यमन, भैरव, मालकंस, मेघमल्हार असे दहा राग त्यांनी यंत्रांच्या एका अखंड तालावर बांधले. एचएमव्हीने तो प्रकाशित केला. मोजक्याच लोकांनी विकत घेतला आणि तो विस्मरणात गेला.

२००२ मध्ये एडो बौमन या डच रेकॉर्ड संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात त्याची प्रत मिळाली. ऐकून ते चक्रावले. टीबी-३०३ च्या वळसेदार खर्जावर उभे राहिलेले ‘ॲसिड हाउस’ हे नृत्यसंगीत अमेरिकेतल्या शिकागोत १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रणापासून सुरू झाले, असे समजले जात होते. इथे तसाच वळसा पाच वर्षे आधी, मुंबईत, रागांच्या संगतीने वाजत होता. २०१० मध्ये बौमन यांनी आपल्या बॉम्बे कनेक्शन या प्रकाशनातून अल्बम पुन्हा काढला, तेव्हा कित्येक रसिकांना ही कोणा आधुनिक संगीतकाराने केलेली चलाखी वाटली. फरक इतकाच की या रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकाराचे नाव ठळक छापलेले होते, त्यामुळे शंका फार काळ टिकली नाही. चरणजित सिंग मुंबईतच राहत होते. उतारवयात त्यांनी युरोपातल्या संगीत महोत्सवांत हेच वादन सादर केले. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

सापडल्यानंतर

कर्ता सापडला की शोध संपतो आणि हिशेबाची बाजू सुरू होते. अनामिक गाणे कोणीही चढवतो, त्यावरच्या जाहिरातीचे पैसे भलत्याच्या खात्यात जातात. नाव कळले की हक्क कोणाचा, करार होता का, प्रकाशन कोणी करायचे, हे ठरवता येते. रॉड्रिगेझच्या बाबतीत तर दक्षिण आफ्रिकेतल्या विक्रीचे पैसे कोणाकडे गेले, हा प्रश्न माहितीपटानंतरही चर्चेत राहिला.

शोधाला दुसरी बाजूही आहे. चुकीच्या अंदाजांमुळे काही निरपराध संगीतकारांना अनोळखी लोकांचे फोन आणि संदेश येत राहतात. ‘हे गाणे माझेच’ असे खोटे दावेही येतात. सामान्य माणसाचा चेहरा शोधयंत्रात घालून त्याचे नाव काढणे हाही खाजगीपणावरचा घाला ठरू शकतो. म्हणून अनेक समूहांनी नियम केले आहेत. एखाद्याशी संपर्क एकानेच साधायचा, पुरावा मिळेपर्यंत नाव जाहीर करायचे नाही, कोणी नकार दिला तर मागे लागायचे नाही.

पुढचा काळ सोपा असेल असे नाही. यंत्राने काही क्षणांत गाणे आणि चित्र तयार होऊ लागल्याने ‘हे कोणाचे’ या प्रश्नाआधी ‘हे कोणाचे तरी आहे का’ हा प्रश्न विचारावा लागतो. उत्तर देताना उपयोगी पडतात त्या जुन्या गोष्टीच: कॅसेटच्या खोक्यातला हाताने लिहिलेला कागद, स्पर्धेच्या बातमीचे कात्रण, छायाचित्रकाराने जपलेल्या प्रती, कव्हरवर छापलेले नाव. नव्या ध्वनिफिती आणि चित्रांच्या फायलींतही कर्त्याचे नाव, साल आणि सहकाऱ्यांची यादी आतच नोंदवण्याची सोय असते. इंडी संगीतकार आणि चित्रकार ती भरू लागले, तर पुढच्या पिढीला कॅसेटवरची १० किलोहर्ट्झची रेषा वाचत बसावे लागणार नाही.